चुन्याची निवळी आणि काचेतला समुद्र

(वसंत व्याख्यानमाला, मलकापूर, ता. शाहूवाडी)

मंडळी, आपल्या शाळी नदीचं पाणी कडवीला मिळतं, कडवीचं वारणेला, वारणेचं कृष्णेला. म्हणजे आपल्या पन्हळीतून गळलेला पाऊस सगळा मुलूख ओलांडून बंगालच्या उपसागरात जातो. आंबा घाटाच्या पलीकडे पडलेला थेंब मात्र सरळ अरबी समुद्र गाठतो. समुद्र इथून गाडीने अडीच तासांवर, तरी आपलं आणि त्याचं नातं सहलीपुरतंच. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी शाळेत असताना रत्नागिरीचं मत्स्यालय पाहिलं असेल. मीही पाहिलं, आणि खाऱ्या पाण्याची काचपेटी आपल्या घरात असावी हे तिथेच डोक्यात बसलं. पुढे नोकरी लागल्यावर कोल्हापूरच्या भाड्याच्या खोलीत मी दोनशे लिटरची पेटी मांडली. मासे होतेच, पण माझा जीव जडला होता तो प्रवाळावर.

प्रवाळ म्हटलं की आपल्याला मंगळासाठी अंगठीत घालतात ते पोवळं आठवतं. ते भूमध्य समुद्रातलं, अंधाऱ्या खडकांवर वाढणारं तांबडं प्रवाळ. मी बोलतोय ते उन्हात वाढणाऱ्या, खडक रचणाऱ्या प्रवाळाबद्दल. दिसायला दगड, पण त्यावर हजारो जीव दाटीने बसलेले असतात. एकेक जीव म्हणजे मऊ पिशवी, वर तोंड आणि तोंडाभोवती बारीक बोटांचं कडं. या पिशवीच्या कातडीत एकपेशीय शैवाल राहतं. शैवाल उन्हात अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देतं. यजमान त्याला निवारा देतो आणि आपलं टाकाऊ खत म्हणून पुरवतो. प्रवाळाचा रंगही बऱ्याच अंशी या भाडेकरूचाच.

आता याला काचेत जगवायचं कसं? पाण्याचा खारेपणा लिटरला 35 ग्रॅमच्या आसपास, तापमान 25-26 अंश, निळसर प्रखर उजेड, आणि लाट आपटावी तसा सतत फिरणारा प्रवाह. हे आकडे कुणीही पाठ करील. अवघड आहे ते त्यांना हलू न देणं. पेटीतलं पाणी रोज थोडं उडून जातं, पण उडतं ते गोडं पाणी. मीठ मागेच राहतं. पहिल्या महिन्यात मी घट भरून काढायला मिठाचंच पाणी ओतत राहिलो. आमटी आटल्यावर वर पुन्हा मीठ घालावं, तसा तो प्रकार. प्रवाळांनी आपली बोटं आत ओढून घेतली ती आठवडाभर बाहेर काढली नाहीत. दुसरी गोष्ट तांब्याची. आपल्याकडे तांब्याच्या हंड्यातलं पाणी आरोग्याचं मानतात. प्रवाळाला, कोळंबीला, शंखाला मात्र तांबं अगदी सूक्ष्म प्रमाणातसुद्धा विष आहे.

पण मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते चुन्याचं. प्रवाळाचा सांगाडा चुनखडीचा, आणि त्यासाठी लागणारं कॅल्शियम प्रवाळ पाण्यातून उचलतं. समुद्राच्या एका लिटरमध्ये ते साधारण 410 मिलिग्रॅम असतं. समुद्र अफाट, त्याला फरक पडत नाही. दोनशे लिटरच्या पेटीत मात्र वाढत्या प्रवाळाला ते पुरत नाही आणि पाण्याचा आम्ल रोखून धरण्याचा गुणही उतरतो. यावर जगभरचे पेटीवाले एक जुना उपाय करतात, आणि तो तुमच्या-माझ्या घरातला आहे. चुन्याची निवळी! माझी आजी पानाच्या चंचीतला चुना वाटीत कालवून ठेवायची आणि वरचं नितळ पाणी औषध म्हणून चमच्याने काढायची. तेच हे. पेटीसाठी फक्त चुना शुद्ध हवा, पानवाल्याकडचा चालत नाही. लिटरभर पाण्यात जेमतेम दीड-पावणेदोन ग्रॅम चुना विरघळतो, बाकीचा तळाशी बसतो. झाकण उघडं राहिलं तर हवेतला कार्बन डायऑक्साइड लागून वर पातळ पांढरी साय धरते. ती साय म्हणजे चुनखडीच, प्रवाळाचा सांगाडा ज्याचा बनतो तीच. साय बाजूला सारून खालची निवळी घ्यायची आणि थेंबथेंब पेटीत सोडायची, तीही रात्री. दिवे मालवले की शैवाल अन्न करायचं थांबतं, पण सगळ्यांचा श्वास चालूच असतो. त्यामुळे पाणी आम्लाकडे झुकतं आणि निवळी ते सावरते. एकदम ओतली तर मात्र तीच जाळते. सलाइनची नळी आणि बाटली लावून मी मिनिटाला किती थेंब पडतात ते घड्याळ लावून मोजत बसायचो. चार महिन्यांनी एका फांदीच्या टोकाला तांदळाच्या कणीएवढं पांढरं टोक फुटलं. ती नवी वाढ होती. त्या दिवशी मी आईला मुद्दाम गावाहून बोलावून ते दाखवलं.

ते सगळं मे महिन्यातल्या एका रात्रीत गेलं. वळवाचा पाऊस झाला, तार तुटली आणि चौदा तास वीज नव्हती. पंप थांबला, प्रवाह थांबला, पाण्यातला प्राणवायू संपत गेला. पहाटे खोलीत वास सुटला होता. बॅटरीच्या उजेडात पाहिलं तर दुधावरची साय सुटावी तशी प्रवाळाची कातडी सांगाड्यावरून सुटून पाण्यात तरंगत होती. खाली उरला तो पांढरा दगड.

त्यानंतर मी कायदा वाचला. तो आधी वाचायला हवा होता. सगळी खडक रचणारी प्रवाळं 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. त्याच अनुसूचीत वाघ आहे. आपल्या समुद्रातून प्रवाळ उचलणं, विकणं हा तीन ते सात वर्षांच्या कैदेचा गुन्हा आहे. ज्याने मला पेटीसाठी प्रवाळाचा तुकडा दिला त्याने हे सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. म्हणून स्पष्ट सांगतो, हौस म्हणून घरात मासे पाळा, प्रवाळ आणू नका. माझी ती वर्षं फुकट गेली असं मात्र मी म्हणणार नाही. प्रवाळ जगायला काय काय लागतं ते मला त्या पेटीने शिकवलं, आणि ते डोळे घेऊन मी मालवणला गेलो.

सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आणि पद्मगडाच्या आसपास प्रवाळ आहे. 1987 साली तिथलं सुमारे 29 चौरस किलोमीटर क्षेत्र मालवण सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झालं. त्याहून खोल, विजयदुर्गपासून शंभरावर किलोमीटर आत, कान्होजी आंग्र्यांच्या नावाची आंग्रिया बँक आहे, समुद्रात बुडालेलं प्रवाळाचं पठार. मुंबईत सागरी किनारा मार्गाच्या कामात 2020 साली वरळी-हाजीअलीच्या खडकांवरच्या 18 प्रवाळ वसाहती उचलून दुसरीकडे बसवाव्या लागल्या. मुंबईच्या त्या गढूळ पाण्यातही प्रवाळ तग धरून आहे, हे तेव्हा पुष्कळांना पहिल्यांदाच कळलं.

मालवणचं प्रवाळ काटक जातीचं आहे, बसकं, गोल, माठासारखं. पावसाळ्यात खाड्यांतून लोटणारं गोडं पाणी आणि गाळ ते वर्षानुवर्षं सोसत आलंय. उष्णता मात्र त्यालाही सोसत नाही. उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा पाणी एखादा अंश जास्त तापलं आणि तसंच काही आठवडे राहिलं, की शैवालच विष तयार करू लागतं. मग प्रवाळ त्या भाडेकरूला बाहेर काढतं आणि पांढरं पडतं. यालाच विरंजन म्हणतात. तेव्हा ते मेलेलं नसतं, उपाशी असतं. पाणी वेळेत निवलं तर शैवाल परततं. 2024 च्या एप्रिलमध्ये शास्त्रज्ञांनी जगातली चौथी मोठी विरंजनाची लाट जाहीर केली. माझ्या पेटीवर मी टेबलफॅन लावून दोन अंश उतरवू शकत होतो. मालवणच्या पाण्यावर पंखा लावता येत नाही.

तिथे आपल्या हातात आहे ते एवढंच, की तापून दमलेल्या जिवाला वरून लाथ बसू नये. सुट्टीत तुमच्यापैकी किती तरी जण स्नॉर्कलिंगला जातील. बोटवाल्याला आधी विचारा, नांगर कुठे टाकणार? वाळूत टाक म्हणा. गिऱ्हाइकाने विचारलं की तो ऐकतो, मी पाहिलंय. पाण्यात दम लागला की पाय आपोआप खाली टेकू पाहतात. खाली जो माठाएवढा गोळा असतो तो वर्षाला फार तर सेंटीमीटरभर वाढत आलेला असतो, वीस-पंचवीस वर्षं. त्या वेळी बोटीच्या कडेला बांधलेली दोरी धरा आणि तोंड वर काढून श्वास घ्या.