रानवाटेवर सुरी असावी काय?

पेडणे किंवा डिचोली तालुक्यात काजूच्या हंगामात डोंगरावर निघालेला बागायतदार कोयत्यावाचून सहसा घराबाहेर पडत नाही. वाट अडविणारी करवंदीची जाळी तोडावी, झाडाखालचे रान साफ करावे, वाळलेली फांदी छाटावी, अशी नाना कामे तो त्या कोयत्याकडून करून घेतो. कोयता हे त्याचे अवजार आहे, शस्त्र नव्हे. शहरातून हौसेने रानात उतरणाऱ्या तरुणांच्या ध्यानी हा भेद पुष्कळदा येत नाही. रानात श्वापदे आहेत, आडवाटेला चोरही असू शकतील, तेव्हा जवळ एखादी सुरी असलेली बरी, असा विचार करून ते ती पिशवीत टाकतात. हा विचार कितपत टिकतो, हे पाहणे अगत्याचे आहे.

प्रथम श्वापदे घ्यावी. गोव्याच्या रानांत गवारेडा, बिबट्या, अस्वल, रानडुक्कर आहेत. 2025 साली दोडामार्गाच्या बाजूने एक रानहत्ती पेडणे तालुक्यात उतरला आणि त्याने शेती-बागायतीची नासधूस केली. अशा प्राण्यापुढे वीतभर पात्याचा काय पाड? सुरी उपयोगी पडावयाची तर जनावर हाताच्या अंतरावर यावे लागते, आणि तेथवर ते येऊ न देणे हेच तर खरे संरक्षण. बोलत चालणाऱ्या माणसांची चाहूल लागताच बहुतेक प्राणी आपण होऊन दूर होतात. गवा दिसल्यास त्याची वाट सोडावी. बिबट्या दिसल्यास पाठ फिरवून पळू नये. त्याजकडे तोंड ठेवून सावकाश मागे सरावे.

माणसाच्या भयाचेही तसेच आहे. सुरी उपसली म्हणजे बाचाबाचीचे पर्यवसान रक्तपातात व्हावयास वेळ लागत नाही, आणि ती समोरच्या दांडग्याच्या हाती गेली तर अनर्थच. चार सोबती आणि परतण्याची वेळ घरी सांगून ठेवणे, हे तिच्याहून भरवशाचे.

शिवाय कायद्याचा प्रश्न आहेच. डिचोलीच्या पूर्वेस सत्तरीत 1999 पासून म्हादई अभयारण्य आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या 31 व्या कलमान्वये लेखी पूर्वपरवानगीवाचून अभयारण्यात शस्त्र नेण्यास मनाई आहे, आणि त्या कायद्याने केलेल्या शस्त्राच्या व्याख्येत सुरीचा स्पष्ट उल्लेख आहे. आत्मरक्षणासाठी म्हणून ती बाळगणारा स्वतःच अपराधी ठरावयाचा.

तथापि सुरीचा सर्वांत घातक उपयोग सद्हेतूनेच केला जातो. सोबत्यास साप चावला की जखमेवर चीर देऊन विष काढावयाचे, ही समजूत अद्याप पुरती गेलेली नाही. चिरेने विष निघत नाही. घोणस किंवा फुरसे यांच्या विषाने रक्त गोठण्याची क्रियाच बिघडते. त्यामुळे पाडलेली चीर वाहतच राहते. अशा वेळी दंश झालेला अवयव मोडलेल्या हाडाप्रमाणे फळीला सैलसर बांधून स्थिर ठेवावा, रोग्यास चालवू नये, आणि विलंब न लावता प्रतिविष मिळेल अशा रुग्णालयात न्यावे.

मग सुरी सर्वस्वी त्याज्य मानावी काय? अभयारण्याबाहेरच्या वाटेवर लहानसा चाकू जवळ असण्यास हरकत नाही. दोरी कापावयास, फळे चिरावयास, मोडल्या हातासाठी धोतराची पट्टी फाडावयास तो कामी येतो. मात्र बागायतदाराप्रमाणे त्याला अवजारच समजावे. रक्षणासाठी हाती मजबूत काठी असावी. पाचोळ्यावर ती आपटीत गेल्याने पुढची वाट चाचपता येते. काळोख पडण्याचा संभव असल्यास विजेरी घ्यावी आणि रान जाणणारा गावचा वाटाड्या बरोबर असावा. ज्याच्या कमरेला कोयता असतो, तोही श्वापदाशी झुंजण्याच्या भरवशावर रानात जात नाही; कोणत्या वेळी कोणत्या वाटेने जाऊ नये, हे त्याला ठाऊक असते.