जुनी गाडी विकताना

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला 'शिक्षण आणि चारित्र्य' या विषयावर बोलण्यास सांगण्यात आले होते. विषय मोठा आहे, आणि मोठ्या विषयावर बोलणे सोपे असते. चार सुवचने सांगितली की वेळ निघून जातो. म्हणून अध्यक्षांच्या परवानगीने मी एक लहान विषय निवडला आहे. जुनी मोटारगाडी विकताना विकणाऱ्याने गिऱ्हाइकाला काय सांगावे, एवढाच. येथे बसलेल्या पालकांपैकी अनेकांनी केव्हा ना केव्हा जुनी गाडी, निदान स्कूटर तरी, घेतली किंवा विकली असेल. तेव्हा हा विषय कोणाला परका वाटू नये.

प्रथम माझीच हकीकत सांगतो. ती सांगताना संकोच वाटतो, पण दुसऱ्याची सांगण्यापेक्षा ते बरे.

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूण शहरात शिरले. माझी गाडी त्या दिवशी माझ्या बहिणीच्या अंगणात उभी होती. पाणी ओसरल्यावर पाहिले तो सीटच्या वरपर्यंत चिखल. विमा फक्त थर्ड पार्टीचा, म्हणजे भरपाईचा प्रश्नच नव्हता. शहाणपण एवढेच झाले की कोणी किल्ली फिरवली नाही. (विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे: हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन चालू केले तर पिस्टन वर येताना अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो.) मिस्त्रीने सीटा काढल्या, गालिचा वाळवला, सगळी तेले बदलली, वायरींचे जोड एकेक करून पुसले. ३८ हजार रुपये खर्च आला. गाडी चालू लागली, आणि चांगली चालू लागली.

पुढच्या वर्षी मी ती विकावयास काढली. खेड तालुक्यातील एक तरुण सासऱ्यांना बरोबर घेऊन आला. तो कुवेतहून सुटीवर आला होता. वडिलांना आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी चिपळूणला न्यावे लागे. दर वेळी भाड्याची गाडी परवडत नव्हती. आपली असली तर धाकटा भाऊ चालवील, असा त्यांचा विचार होता. तरुण गुडघे टेकून गाडीखाली पाहू लागला. सासरे मला पुष्कळ वर्षांपासून ओळखत. ते म्हणाले, "अरे, मास्तरांची गाडी आहे. त्यात काय बघायचं?" तरुण उठला, हात झटकले, आणि २ लाख २५ हजारांवर सौदा ठरला. २० हजार बयाणा त्याने माझ्या हातात ठेवला.

पुराविषयी त्याने विचारले नाही. मी सांगितले नाही. विचारले असते तर सांगितलेच असते, अशी मी मनाची समजूत घातली.

रात्री जेवताना पत्नीने विचारले, "अहो, पुराचं सांगितलंत ना त्यांना?"

मी म्हणालो, "त्यांनी विचारलं नाही."

ती म्हणाली, "रात्री बापाला घेऊन निघाला आणि परशुराम घाटात गाडी बंद पडली, तर त्या पोराने मग कोणाला विचारायचं?"

सकाळी मी फोन केला. पलीकडून बराच वेळ आवाजच आला नाही. तिसऱ्या दिवशी दोघेही आले. मी मिस्त्रीचे बिल त्यांच्यापुढे ठेवले. तरुण शांतपणे म्हणाला, "सर, आमचा आठवड्यातून दोनदा घाट आहे. नको." मी बयाणा परत दिला. सासऱ्यांनी नोटा मोजून घेतल्या. आमचे पैशाचे व्यवहार यापूर्वीही झाले होते. त्यांनी माझ्यासमोर कधी नोटा मोजल्या नव्हत्या.

चार महिन्यांनी एका गॅरेजवाल्याने सर्व इतिहास ऐकून ती गाडी १ लाख ४० हजारांना घेतली. ८५ हजारांचा फरक पडला. माझ्यासारख्या निवृत्त शिक्षकाला ही रक्कम लहान नाही, आणि तिचे दुःख झाले नाही असे मी म्हणणार नाही.

आता त्या समजुतीकडे वळू: 'विचारले असते तर सांगितले असते.' आपणांस आश्चर्य वाटेल, पण देशाचा कायदा बऱ्याच अंशी असे म्हणणाऱ्याच्या बाजूने आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या १७ व्या कलमात फसवणुकीची व्याख्या आहे, आणि खाली घोड्याची उदाहरणे आहेत. घोडा सदोष आहे हे ठाऊक असून मालकाने लिलावात तो विकला आणि तोंडातून शब्द काढला नाही, तर ती फसवणूक नव्हे. मात्र घेणारी त्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर त्या नात्यामुळे सांगणे हे त्याचे कर्तव्य ठरते. आणि घेणारा म्हणाला, 'तुम्ही नाही म्हणाला नाहीत तर घोडा निर्दोष आहे असे मी धरून चालेन,' तर तेथे गप्प राहणे हे बोलण्यासारखेच होय. मी वकील नाही. परंतु 'मास्तरांची गाडी आहे' हे शब्द ऐकून मी गप्प राहिलो, ते या उदाहरणांपैकी कोणत्या उदाहरणाजवळ जाते, याचा विचार मी पुष्कळदा केला आहे.

आपल्या धर्माने मात्र नात्याची अट घातलेली नाही. धान्याच्या ढिगाची हदीस लहानपणी आपण सर्वांनी ऐकलेली आहे. हजरत पैगंबर (स.) बाजारातून जात असता त्यांनी एका ढिगात हात घातला, तो बोटांना ओल लागली. विकणारा म्हणाला, पावसाने भिजले. तेव्हा, मग भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी विचारले, आणि फसवणाऱ्याशी आपला संबंध नाही असे बजावले. आपण ही हदीस ऐकतो, पण एक गोष्ट नजरेतून सुटते. तो माणूस खोटे बोललेला नव्हता. त्याला कोणी काही विचारलेच नव्हते. विचारले तेव्हा त्याने खरे सांगितले. म्हणजे नेमकी माझीच समजूत तेथे नामंजूर झाली आहे. शिवाय माझ्या मालाचे नुकसानही पाण्यानेच झाले होते!

दुसरी हदीस कमी लोकांना माहीत आहे. विकण्यापूर्वी शेळी किंवा उंटीण काही वेळ न पिळता ठेवायची, म्हणजे कास फुगून ती दुभती दिसते. ही युक्ती मना केलेली आहे. अशी फसगत झालेल्याला जनावर ठेवण्याची किंवा परत करण्याची मुभा आहे. परत करताना काढलेल्या दुधाबद्दल खजुराचे एक माप द्यावयाचे. आजचा किलोमीटरचा मीटर मागे फिरविणारा माणूस यापेक्षा निराळे काय करतो? पूर्वी त्यासाठी मीटर खोलावा लागे, आता संगणक लावून आकडा बदलतात. पण पायाखालच्या पेडलचे रबर गुळगुळीत झाले असेल आणि मीटर ४० हजार दाखवीत असेल, तर खोटे कोण बोलते ते उघड आहे.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी थोडे सांगतो. जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक लेख लिहिला; पुढे २००१ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. त्यांचे म्हणणे आपल्या रुपयांत मांडू. समजा, चांगली गाडी ३ लाखांची आणि खराब गाडी दीड लाखाची. घेणाऱ्याला फरक ओळखता येत नाही, म्हणून तो भीतभीत मधला सव्वादोन लाखांचा भाव देतो. चांगल्या गाडीचा मालक म्हणतो, या भावात मी विकत नाही. तो निघून जातो. उरल्या खराब गाड्या, आणि मग भाव आणखी उतरतो. गप्प बसणाऱ्यांमुळे खरे बोलणाऱ्याच्या गाडीलाही भाव येत नाही. माझ्या ८५ हजारांतील काही भाग अशा अनोळखी लोकांनी खाल्ला असावा, असा माझा संशय आहे.

आता व्यवहाराचे. पुरातली गाडी ओळखण्यासाठी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहा. आत पाण्याची रेघ दिसते. सीटखालचे बोल्ट गंजले आहेत का, सुटे चाक ठेवतात त्या खोलगटात गाळ आहे का, काचा बंद ठेवल्यावर कुबट वास येतो का, हे पाहा. वायरींच्या जोडांवरील हिरवट गंज महिन्यामहिन्यांनी वाढत जातो. म्हणूनच आज चालणारी गाडी उद्या दगा देते, आणि एअरबॅगसारखी यंत्रणा ऐन वेळी उघडत नाही. पण हे सर्व घेणाऱ्याने शोधून काढावे लागू नये. अपघात, पूर, रंगकाम, बदललेले भाग, बँकेचे कर्ज, न भरलेली चलने हे विकणाऱ्याने आपणहून सांगावे.

विकणाऱ्याच्या फायद्याचीही एक बाब आहे. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून गाडी दिली की आपण सुटलो, असे पुष्कळांना वाटते. विकल्याची खबर १४ दिवसांत आर.टी.ओ.ला द्यावी लागते. परराज्यात विकली तर ४५ दिवसांत. नाव बदललेले नसेल तर अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीत नाव असलेल्यावरच येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली एका खटल्यात, गाडी एकामागून एक अनेक हातांत गेलेली असतानाही, असाच निर्णय दिला.

तेव्हा सह्या करण्यापूर्वी साध्या कागदावर गाडीचे सर्व दोष लिहावेत, मीटरचा आकडा आणि तारीख घालावी, दोघांनी सही करून एकेक प्रत ठेवावी. असा मराठी नमुना मी तयार केला आहे. त्यात पुराची ओळ पहिली आहे. प्रती कार्यालयात ठेवल्या आहेत. ज्या पालकांना हवी असेल त्यांनी जाताना घेऊन जावी. अध्यक्ष महाशयांनी दोनदा घड्याळाकडे पाहिलेले मला दिसले आहे, म्हणून येथेच रजा घेतो. खुदा हाफिज.