मानवंदनेला कोण येते?



१६ डिसेंबर आणि २६ जुलै या दोन दिवशी दिल्लीत पुष्पचक्र वाहण्यासाठी सत्ताधाऱ्यांची वाण नसते. बांगलादेशाच्या मुक्तीचा आणि कारगिलच्या विजयाचा मान त्या दिवसांना आहे, आणि तो रास्तही आहे. परंतु राष्ट्राच्या कृतज्ञतेची कसोटी विजयदिनी लागत नाही. ज्या युद्धाची आठवण राज्यकर्त्यांना नकोशी होते, त्यातील मृतांच्या स्मरणाला कोण उपस्थित राहतो, येथे ती लागते.

श्रीलंकेत गेलेल्या शांतिसेनेची हकीकत या दृष्टीने उद्बोधक आहे. २९ जुलै १९८७ रोजी राजीव गांधी व जयवर्धने यांनी कोलंबोत करार केला आणि भारतीय फौजा त्या बेटावर उतरल्या. तमिळ बंडखोरांची शस्त्रे उतरवून घेण्यासाठी गेलेल्या या फौजांची ऑक्टोबरात त्याच बंडखोरांशी लढाई जुंपली. मार्च १९९० मध्ये अखेरची तुकडी परतली, तोवर सुमारे १२०० भारतीय सैनिक प्राणास मुकले होते. मुंबईत जन्मलेले, महार रेजिमेंटचे मेजर रामस्वामी परमेश्वरन हे त्यांपैकीच एक. २५ नोव्हेंबर १९८७ रोजी ते धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र देण्यात आले.

अखेरची तुकडी मद्रासला पोहोचली तेव्हा मुख्यमंत्री करुणानिधी स्वागताला गेले नाहीत. ही गैरहजेरी निव्वळ लहर म्हणून झटकून टाकता येत नाही. ऑक्टोबर १९८७ मध्ये जाफन्याच्या रुग्णालयात भारतीय सैनिक शिरले आणि त्यांच्या गोळ्यांना रुग्ण, डॉक्टर व परिचारिका बळी पडल्या. तमिळ जनतेच्या या दुःखाला वाचा फोडणे हे तिच्या नेत्याचे कर्तव्यच होते. परंतु जाब विचारावयाचा होता तो फौजा धाडणाऱ्यांना; शिक्षा मात्र बंदरावर उतरणाऱ्या शिपायांना मिळाली.

करुणानिधींची गैरहजेरी निदान उघड होती. दिल्लीची गैरहजेरी मूक होती आणि ती कितीतरी अधिक काळ टिकली. ज्यांनी फौजा पाठवल्या त्यांना अपयशाची आठवण नको होती. ज्यांनी त्या परत बोलावल्या त्यांना ती आपली वाटली नाही. २००८ मध्ये कोलंबोनजीक श्रीलंकेने या सैनिकांचे स्मारक उभारले आणि २०१५ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी तेथे पुष्पचक्र वाहिले. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकावर त्यांची नावे कोरली गेली ती २०१९ मध्ये. २९ जुलैला स्मरणासाठी वर्षानुवर्षे जमत राहिले ते माजी सैनिक आणि मृतांचे आप्त. ज्या भूमीवर हे सैनिक नकोसे झाले होते, तिने त्यांची नावे दगडात कोरली. ज्या भूमीने त्यांना धाडले, तिने मात्र अकरा वर्षे अधिक घेतली.

याचे कारण उघड आहे. विजयाच्या समारंभात ‘यांना कोणी, कशासाठी धाडले?’ हा प्रश्न बँडच्या सुरांत विरून जातो. फसलेल्या मोहिमेच्या स्मारकापुढे तो समोर येऊन उभा राहतो. पुढच्या रांगेतील खुर्च्या रिकाम्या राहतात त्या या प्रश्नाच्या धास्तीने.

युद्धाच्या विरोधकांनाही येथे सुटका नाही. धोरण चुकीचे होते म्हणून मृतांकडे पाठ फिरवणे म्हणजे धोरणकर्त्यांची चूक शेतकऱ्या-कष्टकऱ्यांच्या मुलांच्या माथी मारणे होय. शिपाई युद्ध निवडत नाही. म्हणून युद्धाला विरोध करणाऱ्याने मानवंदनेला अवश्य जावे, आणि तेथून परतताना प्रश्न संसदेत न्यावा.

राजशिष्टाचार एकच असावा. विजयी मोहिमेच्या मृतांना जी मानवंदना, तीच फसलेल्या मोहिमेच्या मृतांना. आणि त्या दिवशी जाफन्याच्या रुग्णालयातील मृतांचाही उच्चार व्हावा. एवढे धैर्य ज्या सरकारपाशी नाही, त्याने विजयदिनी वाहिलेले पुष्पचक्र मृतांसाठी नसते; ते स्वतःच्याच गळ्यात घातलेला हार असते.