नावांच्या वहीतील दोष

कर्नाटक शासनाने १ नोव्हेंबर २०१४ रोजी बेळगावचे नाव 'बेळगावी' असे केले. तथापि पाकिटावर यांपैकी कोणतेही नाव असो, खाली ५९०००१ हा आकडा अचूक असला की पत्र शहराच्या मुख्य टपाल कचेरीत पोचते. नाव माणसांच्या सोयीचे, आकडा यंत्रणेच्या.

संगणकांच्या जाळ्यातही हीच वाटणी आहे. पतसंस्थेचे वा शाळेचे संकेतस्थळ आपण नावाने मागतो. संगणकाला मात्र आकडी पत्ता हवा असतो. नावावरून तो आकडा सांगणारी व्यवस्था, डीएनएस, पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ साली आखली. ते काम करणारा संगणक म्हणजे डीएनएस सर्व्हर.

या सर्व्हरसाठी मायक्रोसॉफ्टने केलेल्या आज्ञावलीत सतरा वर्षे एक दोष दडून होता. 'चेक पॉइंट' कंपनीच्या संशोधकांनी तो हुडकला व १४ जुलै २०२० रोजी तो जाहीर झाला. 'सिगरेड' हे त्याचे नाव.

तो समजण्यास निपाणीच्या तंबाखूची एखादी वखार डोळ्यांपुढे आणावी. मुनीमाच्या वहीत पोत्यांच्या संख्येसाठी चारच घरे आहेत, असे समजू. १०,००५ पोती आली, तर वहीत ०००५ एवढेच उमटेल. मुनीम पाच पोत्यांपुरती जागा राखील. पोती मात्र सगळी आत येतील आणि शेजाऱ्याच्या मालावर कोसळतील. सर्व्हरचे असेच होई. उत्तर साठवण्यास लागणाऱ्या जागेचा हिशेब ६५,५३५ पर्यंतच जाई. पुढे गणती पुन्हा शून्यापासून. कोणी मुद्दाम फुगवलेले उत्तर धाडले की स्मृतीत जागा थोडी राखली जाई व उरलेला मजकूर शेजारी सांडे. त्याच वाटेने परक्याला आपल्या आज्ञा सर्व्हरवर चालवता येत, आणि पुष्कळदा साऱ्या संस्थेच्या संगणकांच्या किल्ल्या त्याच सर्व्हरपाशी असतात.

धोक्याच्या मोजपट्टीवर या दोषास दहापैकी दहा गुण मिळाले. अमेरिकी शासनाने आपल्या खात्यांना चोवीस तासांत उपाय करण्यास फर्मावले. दुरुस्ती त्याच दिवशी उपलब्ध झाली होती. परंतु दुरुस्ती निघणे निराळे आणि ती आपल्या यंत्रावर बसवणे निराळे. रस्टसारख्या नव्या संगणकभाषा जागा ओलांडू देत नाहीत, हे खरे. तरी जुन्या आज्ञावली अजून पुष्कळ ठिकाणी चालू आहेत. म्हणून सीमाभागातील प्रत्येक संस्थाचालकाने एक प्रश्न विचारावा: आपल्या सर्व्हरची शेवटची दुरुस्ती केव्हा झाली?