टपालखात्याचे अधिकार आणि न लिहिलेले कर्तव्य

१८ जून २०२४ रोजी देशात नवा टपाल कायदा लागू झाला आणि १८९८चा जुना कायदा रद्द झाला. सव्वाशे वर्षांचा कायदा बदलूनही त्यावर म्हणावी तशी चर्चा झाली नाही. आता पत्रे लिहितो कोण, अशी समजूत त्यामागे असावी. पण पासपोर्ट, बँकेची नोटीस, कोर्टाचे कागद आजही पोस्टमनच्याच हातून घरी येतात. जुन्या कायद्याने सरकारला तीन गोष्टी दिल्या होत्या : पत्रे नेण्याची मक्तेदारी, पत्र अडवून उघडण्याचा अधिकार आणि पत्र हरवले तर भरपाईतून सूट. त्या बदल्यात कुठल्याही गावाला एकाच दरात पत्र पोचवायचे, ही जबाबदारी सरकारने प्रत्यक्षात पत्करली. कायद्यात मात्र ती हक्क म्हणून कधी लिहिली नाही. नव्या कायद्याने मक्तेदारी सोडून दिली, बाकीच्या दोन गोष्टी जवळ ठेवल्या आणि कर्तव्य पूर्वीसारखेच अलिखित राहू दिले. माझी तक्रार या हिशेबाबद्दल आहे.

मक्तेदारी होती तोवर तिच्यामागे एक तर्क होता. १८५४मध्ये पाव तोळ्यापर्यंतच्या पत्राला, अंतर कितीही असो, अर्धा आणा असा दर ठरला. मुंबईतल्या मुंबईत जाणारे पत्र स्वस्तात जाते, डोंगरातल्या गावाचे महागात पडते. दर एकच ठेवायचा तर पहिल्याची बचत दुसऱ्याला पुरवावी लागते. खासगी माणसाला शहरातली फायद्याची पत्रे नेऊ दिली, तर सरकारच्या वाट्याला नुसती तोट्याची गावे उरतात. म्हणून १८९८च्या कायद्याच्या चौथ्या कलमाने पत्रे वाहण्याचा हक्क सरकारपुरता राखून ठेवला. पुढे कुरिअरवाले ‘कागदपत्रे’ या नावाखाली पत्रेच नेऊ लागले आणि ते कलम कागदावरच राहिले, हे खरे. ते काढले याचे मला दुःख नाही. पण त्या कलमाच्या आधारावर जे कर्तव्य उभे होते, त्याला दुसरा आधार द्यायला हवा होता. नवा कायदा एवढेच सांगतो की केंद्र सरकार नियमांनी ठरवील त्या सेवा टपालघर देईल. कुठल्या सेवा, किती दिवसांत, कोणत्या गावापर्यंत, याबद्दल मूळ कायदा गप्प आहे.

अधिकारांच्या बाबतीत मात्र तो गप्प नाही. जुन्या कायद्याच्या सव्विसाव्या कलमात ‘सार्वजनिक आणीबाणी’ आणि ‘सार्वजनिक सुरक्षितता’ यांच्या नावावर पत्र अडवता येत असे. यातला आणीबाणी हा शब्द फार सैल आहे, असे विधी आयोगाने १९६८च्या अहवालात दाखवून दिले होते. १९८६मध्ये संसदेने या कलमाच्या दुरुस्तीचे विधेयक मंजूर केले. त्या विधेयकावर राष्ट्रपती झैलसिंग यांनी सही केली नाही आणि ते परतही पाठवले नाही. १९९०मध्ये पुढचे राष्ट्रपती वेंकटरामन यांनी ते राज्यसभेकडे परत पाठवले आणि अखेर २००२मध्ये ते मागे घेण्यात आले. पत्र फोडण्याच्या अधिकारापुढे राष्ट्रपती भवन इतकी वर्षे अडखळले, आणि २०२३मध्ये तोच सैल शब्द नव्या कायद्यात विनासायास येऊन बसला. शिवाय कुठल्याही कायद्याचा भंग हेही आता पत्र अडवायला पुरेसे कारण आहे. पार्सलांतून अमली पदार्थ जातात, तेव्हा सरकारने हात बांधून बसावे काय, असे विचारले जाईल. मुळीच नाही. पण टेलिफोन चोरून ऐकण्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने १९९६मध्ये वरिष्ठ अधिकाऱ्याचा लेखी आदेश आणि नंतर समितीकडून त्याची तपासणी अशी शिस्त घालून दिली. २०१७मध्ये नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. एवढे होऊनही बंद पाकिटासाठी तशी शिस्त मूळ कायद्यात लिहिलेली नाही. उलट, पत्र उघडणाऱ्या किंवा दडवणाऱ्या कर्मचाऱ्याला जुन्या टपाल कायद्यात जी स्वतंत्र शिक्षा होती, ती २०२३च्या जनविश्वास कायद्याने आधीच काढून टाकली होती. चोरी-अपहाराचे सर्वसाधारण गुन्हे शिल्लक आहेत; पाकीट वाचून पुन्हा चिकटवणाऱ्याचे काय, याचे उत्तर टपाल कायद्यात सापडणार नाही.

भरपाईतून मिळालेल्या सुटीचे समर्थन मात्र हलके नाही. पन्नास पैशांच्या पोस्टकार्डावर लाखाचा दावा कोणी लावू लागला, तर टपालखाते चालणार कसे? टपालघर हे पाठवणाऱ्याचा दलाल नव्हे, ती सार्वजनिक सेवा आहे, अशीच भूमिका सर्वोच्च न्यायालयाने १९८०च्या मोहम्मद नाझीम खटल्यात घेतली. पोस्टकार्डापुरते मी हे मान्य करतो. पण दुसऱ्या बाजूला सर्वसाधारण वाक्खंड कायद्याचे सत्ताविसावे कलम पाहा. योग्य पत्ता लिहून, तिकीट लावून रजिस्टर केलेले पत्र पोचलेच असे कायदा धरून चालतो. ते पोचले नाही हे सिद्ध करता येते, पण सिद्ध करण्याचा भार पत्र न मिळालेल्या माणसावर पडतो. धनादेश न वटल्याची नोटीस ‘घेण्यास नकार’ असा शेरा घेऊन परत आली, तर ती बजावली गेली असेच सहसा मानतात. म्हणजे पोस्टमनच्या दोन शब्दांवर एखाद्यावर फौजदारी खटला उभा राहू शकतो. एवढा विश्वास ज्या सेवेवर कायद्यानेच टाकला, तिला चुकीच्या जबाबदारीतूनही मोकळे ठेवायचे, हे गणित कसे जुळते? आणि गंमत अशी की २०२५मध्ये देशांतर्गत रजिस्टर पोस्टाची सेवा स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली, तीही खात्याच्या आदेशाने. रजिस्टर करण्याची सोय आतून शिल्लक आहे, हे मान्य. पण ज्या सेवेवर इतके कायदे टेकलेले आहेत, तिचे रूप बदलताना संसदेला विचारण्याची गरज पडली नाही.

‘काम चालले आहे ना, मग लिहिण्याचा आग्रह कशाला?’ हा सर्वांत वजनदार आक्षेप. देशात दीड लाखांहून जास्त टपालघरे आहेत, त्यांतली दहापैकी नऊ ग्रामीण भागात. पिनकोडची व्यवस्था १५ ऑगस्ट १९७२ला श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखून दिली, तीही कुठल्या कलमाची वाट न पाहता. पण जे आदेशाने सुरू होते ते आदेशानेच बंदही होते. ब्रिटनच्या २०११च्या टपाल कायद्यात आठवड्याचे सहा दिवस पत्रे पोचवण्याची किमान सेवा लिहिलेली आहे आणि ऑफकॉम ही नियामक संस्था तिच्यावर लक्ष ठेवते. केवळ तोट्यात चालते म्हणून लहान टपालघर बंद करता येणार नाही, असे अमेरिकेचा कायदा स्पष्ट म्हणतो. डेन्मार्कची गोष्ट उलटी आहे. तिथे हे कर्तव्य कायद्यात होते. पत्रे घटली तेव्हा संसदेने कायदा बदलून ते काढले आणि २०२५च्या अखेरीस पोस्टनॉर्ड या टपालकंपनीने पत्रवाटप थांबवले. तो निर्णय मला पटत नाही, पण तो लपतछपत झाला नाही. लोकप्रतिनिधींना त्यावर मत द्यावे लागले. आपल्याकडे उद्या गडचिरोलीतल्या एखाद्या शाखा टपालघराला कुलूप लागले, तर तिथल्या गावकऱ्याला बोट ठेवायला कलमच नाही. किमान किती अंतरावर टपालघर, आठवड्यातून किती वेळा वाटप, नोंदलेले पत्र हरवल्यास निश्चित भरपाई आणि पत्र उघडण्यापूर्वी लेखी आदेश, एवढे चार विषय मूळ कायद्यात आणायला एक छोटी दुरुस्ती पुरेल.