विचारावे, लिहावे, मोठ्याने सांगावे



नांदेडजवळ विष्णुपुरीला गोदावरीवर धरण आहे आणि तेथेच आपले विद्यापीठ आहे. १७ सप्टेंबर १९९४ रोजी, मराठवाड्याच्या मुक्तिदिनी, ते स्थापन झाले आणि त्याला स्वामी रामानंद तीर्थांचे नाव दिले गेले. स्वामीजी मूळचे शाळामास्तर. निजामी राज्यात साधी सभा भरवायची तरी सरकारची परवानगी लागे. ते बंधन मोडण्यासाठी १९३८ साली सत्याग्रह झाला आणि स्वामीजी तुरुंगात गेले.

मानवी हक्क म्हटले की आपल्याला वाटते, हे परदेशातले मोठ्या लोकांचे काम. तसे नाही बरं का. आपल्या वाडवडिलांनी ते केले, फक्त त्याला हे नाव नव्हते.

पुढे रझाकारांनी गावोगाव लुटालूट, जाळपोळ, खून केले. १७ सप्टेंबर १९४८ला ते राज्य संपले. त्यानंतर बरोबर ८४ दिवसांनी, १० डिसेंबरला, पॅरिसमध्ये संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला. त्याच्या पहिल्या कलमात 'सर्व पुरुष' असे न म्हणता 'सर्व माणसे' म्हणावे, असा आग्रह आपल्या हंसाबेन मेहता यांनी धरला आणि तो मान्य झाला.

आता एक अवघड गोष्ट सांगायची आहे. ती शांतपणे ऐका.

पॅरिसमध्ये हा ठराव होत होता, त्याच दिवसांत पंडित सुंदरलाल यांची समिती हैदराबाद राज्यात फिरत होती. पंतप्रधान नेहरूंनीच तिला पाठविले होते. पोलीस कारवाईच्या वेळी आणि नंतर अनेक गावांतील निरपराध मुसलमानांवर सूड उगविला गेला होता. समिती नऊ जिल्हे फिरली. जी गावे तिला पाहता आली नाहीत, अशा १०९ गावांतील पाचशेहून अधिक माणसांना तिने विचारले. राज्यभर किमान २७ ते ४० हजार माणसे मेली असावीत, असा तिचा अंदाज. सर्वांत जास्त झळ लागलेले चार जिल्हे म्हणजे उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि आपले नांदेड. लातूर त्या वेळी उस्मानाबाद जिल्ह्यातच होते.

विचारण्याचे काम झाले, लिहिण्याचेही झाले. पण सरकारने तो अहवाल कित्येक दशके प्रसिद्धच केला नाही.

याच्या उलट अर्जेंटिनाचे उदाहरण बघा. लष्करी राजवटीत तेथे हजारो माणसे नाहीशी झाली. लोकशाही परत आल्यावर लेखक एर्नेस्तो साबातो यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला. १९८४ साली त्याचा अहवाल पुस्तकरूपाने लोकांच्या हाती पडला आणि १९८५ साली सेनापतींना न्यायालयात शिक्षा झाल्या. मेलेले परत आले नाहीत. पण 'असे काही घडलेच नाही' म्हणण्याची कोणाची छाती राहिली नाही.

कोणी म्हणेल, जुनी खपली कशाला काढायची? त्याचे उत्तर त्याच अहवालात आहे. काही ठिकाणी हिंदूंनी आपला जीव धोक्यात घालून मुसलमान शेजाऱ्यांना वाचविले, तेही समितीने लिहून ठेवले आहे. कागद बंद राहिला की पापाबरोबर पुण्यही झाकले जाते.

शिक्षक बंधुभगिनींनो, मुक्तिदिनाला झेंडा लावून झाला की मुलांना रझाकारांचा जुलूम सांगा आणि हेही सांगा. गावात नव्वदीतले कोणी असेल तर त्यांच्यापाशी मुलांना बसवा. पाहिलेले वेगळे लिहा, ऐकलेले वेगळे लिहा. गाव, साल, सांगणाराचे नाव, सगळे टिपा.

आणि आज कोणा सरकारी नोकराने हक्क तुडविला तर? १९९३च्या कायद्याने राष्ट्रीय मानवी हक्क आयोग झाला. राज्याचाही आयोग आहे. राष्ट्रीय आयोगाकडे मराठीतून अर्ज चालतो, फी पडत नाही. मात्र घटनेपासून वर्षाच्या आत तो गेला पाहिजे. आयोग शिक्षा देत नाही, सरकारला शिफारस करतो. म्हणून कोणी म्हणतात, काय उपयोग? उपयोग एवढाच, की घडलेले कागदावर येते आणि सरकारला जबाब द्यावा लागतो. पुढचे काम गावाने गप्प न बसण्याचे.

स्वामीजी मास्तर होते, हे विसरू नका.