आयर्विन पुलाचे फूट आणि आपली गल्ली



सांगलीत पुराची भाषा एकच: आयर्विन पुलाजवळ पाणी किती फुटांवर? 40 म्हणजे इशारा, 45 म्हणजे धोका. 2019 च्या ऑगस्टमध्ये ते 57 च्या वर गेले. पण नुसत्या फुटांवरून आपल्या गल्लीत पाणी कधी शिरेल, ते कळत नाही. त्याला जमिनीची उंची हवी, कोयनेचा विसर्ग हवा, अलमट्टीची पातळी हवी. पाटबंधारे, महापालिका, महसूल आणि शेजारचे कर्नाटक यांची माहिती एका नकाशावर बसली, तर बोट आधी कुठे न्यायची हे ठरवायला रात्री दोन वाजता फोन फिरवावे लागत नाहीत.

एक नोंद मात्र आपल्याच घरात आहे. 2019 आणि 2021 ला पाणी कितव्या पायरीपर्यंत आले होते, ते जेवणाआधी बाहेरच्या तक्त्यावर लिहा. गल्लीच्या नावासकट!